हरलात की घरी

1996 पर्यंत हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळाच्या आयर्लंडमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत दुसरी संधी मिळत नसे. सामना बरोबरीत सुटला तर तो पुन्हा खेळवायचे, एवढीच काय ती सवलत. नाहीतर मे-जूनमधल्या एखाद्या रविवारी सत्तर मिनिटं खेळायचं, आणि हरलात की घरी. वसंतात लीगचे सामने व्हायचे, पण त्यांना उन्हाळ्याची सर नाही. खेळाडूचं वर्ष मोजलं जायचं ते उन्हाळ्यातल्या सामन्यांवर, आणि बहुतेकांचं वर्ष एका दुपारीच संपून जायचं.

या पद्धतीतला 1995 चा हंगाम हा माझ्या अतिशय जिव्हाळ्याचा विषय आहे. तो मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. तेव्हा मी कोल्हापुरात शाळेत होतो. नंतर नोकरीच्या निमित्ताने क्लेअर परगण्यातल्या एनिस गावात येऊन राहिलो, आणि इथे राहायला लागल्यावर 1995 टाळता येत नाही. केस कापायला बसा, मुलाला शाळेत सोडायला जा, दुकानात दुधाच्या रांगेत उभे राहा, कुणीतरी त्या वर्षाचा विषय काढतोच. मग मी जुन्या चित्रफिती शोधून पाहिल्या, पुन्हा पाहिल्या, आणि शेजारच्या वयस्कर गृहस्थांना प्रश्न विचारून भंडावलं. ते त्या उन्हाळ्यात क्लेअरच्या प्रत्येक सामन्याला हजर होते.

खेळ थोडक्यात सांगतो. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू. प्रत्येकाच्या हातात हर्ली, म्हणजे खाली रुंद आणि चपटी होत जाणारी लाकडी काठी. चेंडू लहान, कातडी, शिवण उठून दिसणारी; त्याला स्लिटर म्हणतात. मैदानाच्या दोन्ही टोकांना इंग्रजी एच अक्षरासारखे खांब. आडव्या दांडीखालून जाळीत चेंडू गेला की गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून खांबांच्या मधून गेला की एक गुण. धावफलकावर गोल आणि गुण वेगवेगळे लिहितात, म्हणजे 2-13 याचा अर्थ दोन गोल, तेरा गुण, एकूण एकोणीस. चेंडू हवेत असताना दोघं-तिघं एकदम काठ्या उगारून त्याच्यावर तुटून पडतात. त्या काळात हेल्मेट सक्तीचं नव्हतं. ते सक्तीचं झालं 2010 मध्ये.

शेजाऱ्यांकडे त्या काळातली एक हर्ली आहे. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेली असते. त्यांनी ती माझ्या हातात दिली तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की लाकडाच्या रेषा टोकाशी सरळ तुटत नाहीत, वळतात. अ‍ॅशच्या झाडाचा बुंधा जमिनीलगत मुळांकडे जिथे पसरतो, तिथला जेमतेम मीटरभर भाग हर्लीसाठी वापरतात. मुळाबरोबर वळलेल्या रेषाच काठीच्या वळणात उतरतात, म्हणून फटका बसला तरी ती चिरत नाही. टोकाला पत्र्याची पट्टी छोट्या खिळ्यांनी ठोकलेली, मुठीला काळी चिकटपट्टी, तीही घामाने गुळगुळीत झालेली. आता अ‍ॅशच्या झाडांना बुरशीचा रोग लागला आहे आणि बांबूच्या हर्ल्याही बाजारात आल्या आहेत. त्या चांगल्या असतीलही. पण हे वळलेलं लाकूड हातात धरल्यावर या माणसांना त्याचं एवढं का वाटतं ते कळतं.

दुसरी समजून घ्यायची गोष्ट म्हणजे इथे खेळाडू विकत घेता येत नाहीत. गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन ही संघटना 1884 साली स्थापन झाली आणि तिचा खेळ आजही हौशी आहे. सर्वोच्च स्पर्धेत खेळणाऱ्यालाही पगार नाही. गावच्या पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचा, क्लब असतो, त्यात तुम्ही लहानपणापासून खेळता, आणि चांगले निघालात तर परगण्याच्या संघात जाता. आमच्या कोल्हापुरात पाटाकडील तालमीचा पोरगा फुटबॉल पाटाकडीलकडूनच खेळतो आणि सगळी पेठ त्याच्यामागे शाहू स्टेडियमवर येते, ते ज्याने पाहिलंय त्याला क्लेअरची माणसं परकी वाटणार नाहीत. सोमवारी सकाळी तोच खेळाडू शाळेत शिकवायला, बँकेत किंवा शेतावर कामाला असतो. हरला तरी त्याला त्याच गावात, त्याच माणसांसमोर उभं राहायचं असतं.

आणि क्लेअर हरतच होतं.

त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद एकदाच मिळवलं होतं, 1914 मध्ये, लीशविरुद्ध, 5-1 विरुद्ध 1-0 असं. त्यानंतर काही नाही. राष्ट्रीय उपान्त्य फेरी गाठायला आधी मन्स्टर प्रांताचं विजेतेपद हवं, आणि मन्स्टरमध्ये कॉर्क आणि टिपररी बसलेले. 1995 सुरू झालं तेव्हा कॉर्ककडे 27 राष्ट्रीय विजेतेपदं होती, टिपररीकडे 24. क्लेअरने मन्स्टर शेवटचं जिंकलं होतं 1932 मध्ये. त्यानंतर अंतिम सामन्यापर्यंत जायचं आणि तिथे हरायचं, हे पिढ्यान् पिढ्या चाललं. 1977 आणि 1978 मध्ये त्यांचा संघ खरोखर उत्तम होता, दोन्ही वर्षी लीग जिंकली, आणि दोन्ही वर्षी मन्स्टरच्या अंतिम सामन्यात कॉर्ककडून हरला. 1993 मध्ये टिपररीने त्यांना अठरा गुणांनी चिरडलं. 1994 मध्ये लिमरिकने नऊ गुणांनी.

इतकं हरल्यावर लोक कारणं शोधतात. इथे ते बिडी अर्लीच्या नावावर टाकलं गेलं. ही एकोणिसाव्या शतकातली फीकल गावाजवळची जडीबुटीवाली बाई. तिने म्हणे क्लेअरच्या संघाला शाप दिला होता. ती वारली 1874 मध्ये, हर्लिंगची संघटना निघायच्या दहा वर्षं आधी, आणि 1914 चं विजेतेपद तिच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी आलं. तारखा जुळत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. तरीही शापाची गोष्ट टिकली, कारण शाप मानला की दोष कुणा जिवंत माणसावर येत नाही. बापाने पाहिलेला पराभव, आजोबांनी पाहिलेला पराभव, या सगळ्याला एक बाहेरचं कारण मिळतं. मला त्यात अंधश्रद्धेपेक्षा माया जास्त दिसते.

शाप मोडायला जो माणूस उभा राहिला तोही फीकलचाच. गेर लॉकनन. पेशाने शिक्षक. सत्तरच्या दशकातल्या त्या उत्तम संघात तो खेळला होता, म्हणजे हरण्याची चव त्याला पुरती माहीत होती. 1994 च्या पराभवानंतर त्याने संघ हाती घेतला आणि माइक मॅकनमाराला व्यायामासाठी आणलं. हिवाळाभर क्रुशीनच्या मैदानात आणि शॅननच्या टेकडीवर सराव चालला. मी शॅननला कामाला जातो तेव्हा ती टेकडी दिसते. उंच नाहीच ती, आपल्याकडे तिला कुणी टेकाडही म्हणणार नाही. पण जानेवारीत इथे साडेचार-पाचला काळोख पडतो, पाऊस आडवा येतो, गवत निसरडं होतं, आणि त्या चढावर दिवसभराची नोकरी करून आलेली तिशीच्या आतली पोरं वर-खाली धावत होती. कशासाठी? जून महिन्यातल्या एका दुपारसाठी. त्या दुपारी हरले असते तर हा अख्खा हिवाळा पाण्यात. बाद फेरीबद्दल लिहिताना लोक सामन्यांचा थरार सांगतात. मला मात्र ही अंधारातली टेकडी आधी आठवते.

मे महिन्यात लीगच्या अंतिम सामन्यात किल्केनीने त्यांना सहज हरवलं. लोक म्हणाले, झालं, पुन्हा तेच. लॉकनन सामन्यानंतर पत्रकारांना म्हणाला की आम्ही मन्स्टर जिंकणार. त्या दिवशी त्याच्यावर कुणाचा विश्वास बसला असेल असं वाटत नाही. शेजाऱ्यांचा तर अजिबात बसला नव्हता, हे ते स्वतः सांगतात.

4 जून, लिमरिकचं गेलिक ग्राउंड्स, समोर कॉर्क. या सामन्याची शेवटची काही मिनिटं मी किती वेळा पाहिली असतील, त्याचा हिशेब नाही. क्लेअरचा मधल्या बचावातला खांब म्हणजे शॉनी मॅकमॅहन. दुसऱ्या अर्धात त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. गळ्याजवळचं, हंसळीचं. क्लेअरने तिन्ही बदली खेळाडू वापरून झाले होते. तो बाहेर गेला असता तर चौदा जण उरले असते. तेव्हा त्याला पुढे कोपऱ्यात नेऊन उभं केलं, केवळ प्रतिस्पर्ध्याचा एक माणूस अडकून पडावा म्हणून. एक हात शरीराला चिकटवलेला, दुसऱ्या हातात हर्ली. वेळ संपत आलेली, कॉर्क दोन गुणांनी पुढे. चेंडू त्या कोपऱ्यात आला. मॅकमॅहन त्या अवस्थेत कॉर्कच्या बचावपटूच्या अंगावर गेला, चेंडू रेषेबाहेर गेला, आणि रेषेवरून तो मारायची संधी क्लेअरला मिळाली.

रेषेवरून चेंडू मारणं हे हर्लिंगमधलं सगळ्यात अवघड काम. इतर वेळी चेंडू हातात घेऊन, उडवून मारता येतो. इथे तो गवतावर पडलेला असतो आणि हर्लीच्या धारेने त्याच्याखाली काप घेऊन तो उचलावा लागतो. फर्गी टूईने तो मारला. चेंडू गोलासमोरच्या गर्दीवर उतरला, आणि ऑली बेकरने हवेतल्या हवेत काठी लावून तो जाळीत ढकलला. 2-13 विरुद्ध 3-9. एका गुणाने.

मी पुन्हा पुन्हा थांबतो ते मॅकमॅहनपाशी. त्याला चेंडू मिळवायचा नव्हता, गुण करायचा नव्हता. एका हाताने तो काही करूही शकला नसता. पळत जाऊन समोरच्याला नीट मारू द्यायचं नाही, एवढंच त्याच्या हातात होतं, आणि तेवढं त्याने केलं. आजच्या पद्धतीत, जिथे गटात चार सामने असतात, एखाद्या प्रशिक्षकाने मोडक्या हाडाचा खेळाडू मैदानात ठेवला असता का? ठेवू नयेच. त्याला दवाखान्यात न्यावं आणि पुढच्या रविवारचा विचार करावा. 1995 मध्ये पुढचा रविवार नव्हता. तो माणूस त्या कोपऱ्यात उभा होता याचं पूर्ण कारण तो नियम होता.

पाच आठवड्यांनी, 9 जुलैला, थर्ल्सच्या सेंपल स्टेडियमवर मन्स्टरचा अंतिम सामना, लिमरिकविरुद्ध. मॅकमॅहन खेळला. मध्यंतराच्या जरा आधी क्लेअरला पेनल्टी मिळाली आणि ती मारायला गोलरक्षक डेव्ही फिट्झजेराल्ड स्वतःचा गोल सोडून मैदानभर पळत आला. मारली, जाळीत गेली, आणि क्षणभरही न थांबता तो पुन्हा सगळं मैदान ओलांडून आपल्या जागेकडे सुसाट सुटला. आनंद करायलाही त्याला वेळ नव्हता. 1-17 विरुद्ध 0-11. वर्षापूर्वी ज्या लिमरिककडून नऊ गुणांनी हरले, त्यांनाच नऊ गुणांनी हरवलं. त्रेसष्ट वर्षांनी मन्स्टर.

शेजारी या दिवसाबद्दल बोलतात तेव्हा डब्लिनच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त वेळ बोलतात. शिट्टी वाजल्यावर लोक मैदानात उतरले. शेजाऱ्यांच्या बाजूला एक म्हातारा उभा होता, तो उतरेना. हे म्हणाले, चला. तो म्हणाला, मला इथूनच बघू दे, मी इथून इतक्यांदा खाली मान घालून गेलोय. पुढे ते काही सांगत नाहीत. त्यांचे स्वतःचे वडील तोवर गेले होते. त्यांनी मुलाला 1955 पासूनच्या सगळ्या पराभवांना हाताला धरून नेलं होतं. दुसऱ्या दिवशी शेजारी वडिलांच्या कबरीपाशी कबरस्तानात गेले तर तिथे गाडी लावायला जागा नव्हती म्हणे. जो तो हेच सांगायला आला होता.

उपान्त्य सामन्यात गॉलवेला 3-12 विरुद्ध 1-13 असं हरवलं. तो सामना चांगला झाला, पण तो फारसा कुणी आठवत नाही.

3 सप्टेंबर, डब्लिनचं क्रोक पार्क, राष्ट्रीय अंतिम सामना. समोर ऑफली, आदल्या वर्षीचे विजेते. हा साधा संघ नव्हता. 1994 च्या अंतिम सामन्यात शेवटच्या पाच मिनिटांत त्यांनी 2-5 असा धडाका लावून जिंकलेला सामना लिमरिकच्या तोंडातून काढून घेतला होता. त्यामुळे त्यांच्याविरुद्ध आघाडी असली तरी छातीतली धडधड थांबत नाही. इथे तर आघाडीही नव्हती. मध्यंतराच्या तोंडावर मायकेल डिग्ननचा फटका फिट्झजेराल्डला चकवून आत गेला आणि ऑफली दोन गुणांनी पुढे. मैदानात परतताना दूरदर्शनच्या वार्ताहराने लॉकननला गाठलं. त्याचा चेहरा त्या चित्रफितीत जवळून दिसतो. डोळे ताणलेले, पापणी न लवणारे. आम्ही जिंकणार, एवढं म्हणून तो निघून गेला.

दुसऱ्या अर्धात गुण तुटपुंजे झाले. बचाव दोन्हीकडे भिंतीसारखा. क्लेअरच्या गोलापुढे लाल हेल्मेटचा ब्रायन लोहन कुणाला पाय ठेवू देईना. शेवटची मिनिटं आली तरी ऑफली पुढेच. कर्णधार अँथनी डेलीने लांबून मारलेला फ्री, म्हणजे समोरच्याच्या चुकीबद्दल मिळणारा मोकळा फटका, गोलाच्या चौकटीला आपटून परत आला, आणि बदली म्हणून आलेल्या एमन टाफने तो जमिनीवरून जाळीत हाणला. त्या दिवशीचं त्याचं हे एवढंच काम. थोड्या वेळाने त्यालाही बदललं. मग पासष्ट मीटरवरून मिळालेला फटका मारायला डेलीच पुढे आला, आणि त्याने तो खांबांमधून सरळ पाठवला. जेम्सी ओ'कॉनरने शेवटचा फ्री टाकला. 1-13 विरुद्ध 2-8. दोन गुण. एक्याऐंशी वर्षं.

डेलीने भाषणात सांगितलं की क्लेअरमधला एक माणूस एक्याऐंशी वर्षं बेपत्ता होता, तो आज सापडला, आणि त्याचं नाव लियम मॅकार्थी. हे विजेत्याला मिळणाऱ्या चषकाचं नाव. आता खरं पाहिलं तर हा चषक 1914 मध्ये नव्हताच. तो पहिल्यांदा दिला गेला 1923 मध्ये. म्हणजे क्लेअरने तो त्याआधी कधी हातात धरला नव्हता. पण त्या संध्याकाळी हिशेब कोण करणार? चषक परगणाभर फिरला, शाळाशाळांत गेला. आज इथे चाळिशीत असलेली माणसं तेव्हा त्या शाळांमध्ये होती. आमच्या मुलाचे प्रशिक्षक त्यांतलेच एक. मी विचारलं, चषक कसा होता? ते म्हणाले, थंड होता, आणि आम्ही सगळ्यांनी त्याला हात लावल्यावर गरम झाला.

1997 पासून नियम बदलला. प्रांताच्या अंतिम सामन्यात हरलेल्यांना पुन्हा आत यायची वाट मिळाली. 2018 पासून तर प्रांतात गटपद्धत आहे. याचा फायदा क्लेअरलाच झाला. 2024 मध्ये ते एनिसमध्ये, आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा मैदानावर, लिमरिककडून पहिलाच सामना हरले. मन्स्टरच्या अंतिम सामन्यात पुन्हा त्याच लिमरिककडून हरले. 1995 च्या नियमाने ते एप्रिलमध्येच घरी बसले असते. त्याऐवजी 21 जुलैला क्रोक पार्कवर जादा वेळेत कॉर्कला 3-29 विरुद्ध 1-34 असं एका गुणाने हरवून ते विजेते झाले. व्यवस्थापक होता तोच लाल हेल्मेटचा ब्रायन लोहन. एनिसचे रस्ते भरून गेले, आम्हीही मुलाला खांद्यावर घेऊन त्या गर्दीत होतो. त्या विजयात कमी काही नव्हतं, असं मी कुणाशीही वाद घालून सांगेन.

जुना नियम परत आणावा का, यावर इथे अजून चर्चा होते. मला विचाराल तर आणू नये. नोकरी सांभाळून, घरच्यांचा वेळ घेऊन, एक पैसा न घेता जी मुलं सहा-सात महिने घाम गाळतात, त्यांना एका दुपारीत संपवून टाकणं क्रूर आहे. 1977 च्या क्लेअर संघातल्या माणसांना विचारा. त्यांनी काही चुकीचं केलं नव्हतं, त्यांच्या वाट्याला फक्त दुसरी संधी आली नाही. मॅकमॅहनची गोष्ट आपण सांगतो कारण तो चेंडू बेकरच्या काठीला लागला. ज्यांचा चेंडू लागला नाही अशा किती मोडक्या खांद्यांची नावंही उरली नाहीत.

शेजाऱ्यांना हे पटतं. 2024 चा आनंद त्यांनी मनापासून केला. पण त्यांची मोजदाद वेगळी आहे. 2013 आणि 2024, दोन्ही राष्ट्रीय विजेतेपदं क्लेअरने मन्स्टर न जिंकता मिळवली. मन्स्टर शेवटचं घरी आलं 1998 मध्ये. 2022, 2023, 2024, तिन्ही अंतिम सामन्यांत लिमरिकने हरवलं, आणि 2025 मध्ये तर गटातूनच बाहेर पडावं लागलं. हंगाम संपला त्या आठवड्यात ते कुंपणाशी उभे राहून मला म्हणाले, पुढच्या वर्षी मन्स्टरचा अंतिम सामना असेल तर पोराला घेऊन चल, गाडी मी काढतो. मी म्हटलं, क्लेअर तिथवर पोहोचलं तर. ते म्हणाले, पोहोचणार, आणि कुठून निघायचं, कुठे गाडी लावायची, चहाला कुठे थांबायचं, हे सांगायला लागले.